काळा घोडा पाहावा कसा

पहिला प्रश्न वाराचा. काळा घोडा कला महोत्सव नऊ दिवस चालतो, जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला. शनिवारी सुरू होतो आणि पुढच्या आठवड्याच्या रविवारी संपतो, म्हणजे त्यात दोन रविवार सापडतात. मध्य रेल्वेवर राहणाऱ्याने हे दोन्ही रविवार वगळावेत. रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये दिवा स्टेशनला पाऊण तास उभं राहिलेल्या माणसाच्या मनात कलेविषयी जी भावना शिल्लक उरते, ती घेऊन प्रदर्शनाला जाऊ नये. मधल्या वारी हाफ डे टाकावा. साहेबांना ‘प्लंबर येणार आहे’ असं सांगावं. मांडणशिल्प बघायला जायचंय म्हणून रजा मिळाल्याचं आमच्या ऑफिसात तरी ऐकिवात नाही.

पेहराव साधाच, पण साधेपणा लांबून दिसला पाहिजे असा. खादीचा कुर्ता, खांद्याला शबनम. कोल्हापुरी नवीकोरी घालू नये. ती सीएसएमटीला सुटते आणि हुतात्मा चौकापर्यंत चावून मोकळी होते. पुढचं सगळं शिल्प मग टाचेतूनच पाहावं लागतं.

सोबत कुणी पाहुणा असेल तर तो पोहोचल्या पोहोचल्या विचारणार, ‘घोडा कुठाय?’ याचं उत्तर घरूनच पाठ करून न्यावं. मूळ घोड्यावर इंग्लंडचा युवराज, म्हणजे पुढचा राजा सातवा एडवर्ड, बसलेला होता. त्याच्या मुंबईभेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससूननं दिलेला हा पुतळा 1879 साली इथं उभा राहिला. पुतळा राजाचा, पण लोकांनी नाव ठेवलं घोड्याचं. तेव्हाच्या मुंबईकरांची कलासमीक्षा आजच्यापेक्षा थेट होती, एवढंच यावरून म्हणता येईल. 1965 साली राजा-घोडा दोघंही भायखळ्याच्या राणीच्या बागेत रवाना झाले. पुढे बावन्न वर्षं घोड्याशिवायच काळा घोडा चालला. 2017 साली नवा घोडा आणून बसवला; त्याच्यावर स्वार नाही. पाहुण्याने ‘मग राजा?’ असं विचारलं, तर ‘बागेत’ असं मोघम सांगून पुढे सरकावं.

आता प्रत्यक्ष शिल्पाकडे. रॅम्पार्ट रोवर नऊ दिवस गाड्या बंद असतात, त्यामुळे मुंबईकर रस्त्याच्या मधोमध चालतो आणि दर दहा पावलांनी सवयीनं मागे वळून बघतो. शिल्पासमोर आल्यावर आधी मोबाइल काढावा, मग पाटी वाचावी, आणि वेळ उरलाच तर शिल्प पाहावं. हा क्रम मोडल्यास मागची रांग चुकचुकते. पाटी वाचताना मान किंचित डावीकडे झुकवावी आणि ‘हं’ म्हणावं. हा ‘हं’ फार महत्त्वाचा. आखूड निघाला तर कळलं नाही असं दिसतं. फार लांबवला तर लोक डॉक्टरकडे बघावं तसं बघायला लागतात.

मावशीला बरोबर नेऊ नये, ही माझी स्वानुभवाची सूचना. मी नेलं होतं. गाडीत तिला ‘मांडणशिल्प’ हा शब्द समजावून सांगत होतो, तर ती म्हणाली, ‘म्हणजे भांड्यांची मांडणी ना?’ मी हसलो. तिथं पोहोचलो तर समोर दहा फुटी मोर, आणि त्याचा पिसारा सगळा झाऱ्यांचा! दांडे आत, चकत्या बाहेर, आणि भोकांतून मागचं आभाळ दिसत होतं. मोराचे डोळे इतके नेमके साधलेले की मी खरंच दोन मिनिटं मोबाइल विसरलो. पाटीवर स्वयंपाकघरातल्या अदृश्य श्रमांबद्दल बारा ओळी होत्या. मी मान झुकवली आणि मध्यम लांबीचा ‘हं’ काढला.

मावशीनं पाटी वाचलीच नाही. चष्मा कपाळावर सरकवून ती दोरीपर्यंत गेली आणि पिसारा वाचायला लागली. ‘हा बुंदीचा. हा पुऱ्यांचा. हा बघ, याची भोकं लांबट आहेत, हा भज्यांना बरा पडतो.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘यातला एकही तेलात गेलेला नाही रे. कड बघ, किती पांढरी आहे.’ बारा ओळींचं काय करावं ते मला सुचेना. अशा वेळी वाचकाने ‘चल, काही खाऊ या’ म्हणावं.

खाण्यासाठी पूर्वी सोय होती. जहांगीर आर्ट गॅलरीत समोवार नावाचं, रेल्वेच्या डब्यासारखं लांबट उपाहारगृह होतं. चित्रं कळली नाहीत तरी तिथं बसून कळल्यासारखं वाटायचं. ते 2015 साली बंद झालं. पुढच्या वर्षी समोरचं ऱ्हिदम हाउस हे गाण्यांचं दुकानही गेलं. महोत्सव मात्र 1999 पासून येतोच आहे. तेव्हा वडा-पाव घ्यावा आणि डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या बाजूनं सावली शोधावी. कलेवर बोलायचंच असेल तर तोंडात घास असताना बोलावं; मुद्दे आपोआप तोकडे होतात.

जाणकाराला भेटायचं असेल तर तो दोरीच्या आतल्या अंगाला निळ्या शर्टात उभा असतो. सकाळपासून ‘हात लावू नका’ म्हणून घसा बसलेला, पण शिल्पाचा सांधान्‌सांधा त्याला ठाऊक. आमचा रक्षक म्हणाला, ‘चिकटवलेलं नाही मावशी, बाइंडिंग वायरनं बांधलंय. वाऱ्यानं रात्री दोन-तीन खाली येतात, सकाळी मीच लावतो.’ त्यानं लावलेले कुठले ते मावशीनं लगेच ओळखले. तिथं पुरीच्या ओळीत बुंदीचा घुसला होता. त्यानंही ते मान्य केलं.

मग तिनं तो प्रश्न विचारला, जो मला पाच वर्षांत एकदाही पडला नव्हता. ‘दादा, हे एवढं सगळं नंतर ठेवतात कुठे?’

‘टेम्पो येतो.’

‘आणि झारे?’

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. ‘शेवटच्या दिवशी सोडवायलाच घेणार सगळं. मी असतोच.’

परतीच्या गाडीत ठाण्यापर्यंत ती गप्प होती. मला वाटलं, दमली. मग म्हणाली, ‘शेवटचा दिवस रविवार ना रे? पण ते लोक रात्रीच सोडवणार. तोवर मेगाब्लॉक संपलेला असतो.’