आता ती फक्त म्हाताऱ्यांचंच लिहिते म्हणे

अहो वैनी, कुकर झाला का? मग या जरा भिंतीपाशी. हळू बोला पण, तिची खिडकी उघडी आहे.

तिसऱ्या बंगल्यातली धाकटी सून हो, ती लिहायची कामं करते ती. परवा आपल्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई गेल्या तिच्याकडे. म्हणाल्या, रौप्यमहोत्सवाची स्मरणिका तेवढी तूच कर. तर ही म्हणते, "काकू, ते काम मी आता घेत नाही." आणि वर चहा पाजून पाठवलं! बाई तेव्हापासून फुगून बसल्यात.

आधी काय काय लिहायची, आठवतंय ना? बिल्डरचं ब्रोशर, पतसंस्थेचा अहवाल, निवृत्तीचं मानपत्र, मसाल्याच्या पाकिटामागचा मजकूर, कुणाच्या पोराचं वक्तृत्वाचं भाषण. डोहाळजेवणाच्या पत्रिकेवरच्या चार ओळीसुद्धा तिच्याकडूनच. आणि त्यातलं निम्मं फुकट. "तुला काय, पाच मिनिटांचं काम!" हसू नका, तुम्हीही म्हणालायत, मी इथूनच ऐकलंय.

दिवाळी अंकांचं तर बोलूच नका. १९०९ साली ‘मनोरंजन’नं पहिला काढला तेव्हापासून आपल्याकडे हौसेला तोटा नाही, पण हिचं मानधन यायचं ते संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर, आलं तर. खरा पैसा होता तो पुण्याच्या एका कंपनीचा. वेबसाइटचा मजकूर, शब्दावर दर. दहा टक्के टीडीएस कापून का होईना, दरमहा यायचा. मग २०२२च्या शेवटी ते चॅटजीपीटी आलं. काही महिन्यांत कंपनीवाले म्हणाले, आता लिहू नका, यंत्रानं लिहिलंय ते तपासून द्या, निम्म्या दरात. हिला तपासायला लिहिण्याहून जास्त वेळ लागायचा!

म्हाताऱ्यांचं कसं सुचलं विचारताय? ते महापुरापासून. २०१९चा आठवतोय ना, आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं तो? त्यात किती घरांतले अल्बम, डायऱ्या, जन्मपत्रिका चिखलात गेल्या. हरिपूरचे एक आजोबा, हळदीच्या अडतीतले, त्यांचं सगळं दप्तर गेलं. मुलगा हिला म्हणाला, बाबांच्या डोक्यात आहे तेवढं तरी उतरवून घ्या. तेव्हा ते तिच्या दहा कामांतलं एक होतं. पण ते पुस्तक मी वाचलंय वैनी. हळदीच्या पेवांचं असं सांगितलंय त्यांनी! जमिनीत खोल खड्डा, तोंड माणूस कसाबसा शिरेल एवढंच. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, हवा धरलेली असते. आधी कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं, पेटता राहिला तर उतरायचं. जन्म सांगलीत गेला, पण मला हे ठाऊक नव्हतं.

तर कंपनीनं दर पाडल्यावर तिनं ठरवलं, आता एवढंच. ऐंशीच्या पुढच्या माणसाच्या आठवणींचं घरगुती पुस्तक. सहस्रचंद्रदर्शनाला देतात ना लोक, शंभरेक प्रती, पाहुण्यांना. हजार पौर्णिमा म्हणजे ऐंशी वर्षं नि दहा महिने, तिनं मला हिशेब मांडून दाखवला. सहा महिने आधी या म्हणते, आयत्या वेळी नाही.

तिच्या सासूबाईंनी डोक्याला हात लावला. "विष्णुदास भाव्यांच्या सांगलीत राहून नाटकबिटक लिहायचं सोडून ही म्हाताऱ्यांच्या गप्पा लिहिणार!" तुमचंही तेच मत दिसतंय. धरलेली गिऱ्हाइकं सोडायची म्हणजे वेडेपणा, मलाही तसंच वाटलं होतं. पहिले काही महिने तिच्याकडे कुरिअरवालासुद्धा फिरकला नाही. पण आता ऐका. पूर्वी मला कुणी विचारलं, तुमच्या शेजारची काय करते हो, तर मी म्हणायचे, काहीतरी लिहिते बाई. त्यावर कोण काय काम देणार? गेल्या हळदीकुंकवाला मिरजेच्या एक बाई वडिलांची एक्क्याऐंशी सांगत होत्या. मी म्हटलं, आमच्या शेजारची वडिलांच्या आठवणींचं पुस्तक करून देते. झालं, नंबर घेऊन गेल्या. जाहिरात मीच केली, फुकटात!

काम करायची पद्धतही आता बसलीय. माझ्या नणंदेच्या सासऱ्यांचं केलं तेव्हा मी तिथंच होते ना. आल्याबरोबर पंखा बंद करायला लावला, रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते म्हणून. एप्रिलमध्ये! सासरे पहिल्या दिवशी नुसती वंशावळ सांगत बसले. दुसऱ्या दिवशी हिनं विचारलं, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कुठं होतात? मग काय, डिसेंबर १९६७ची ती पहाट, थंडीत अंगणात काढलेले दिवस, तिथून बहात्तरचा दुष्काळ, सुकडी, सगळं आपोआप आलं. आतून सासूबाई ओरडून सांगतायत, "तेव्हा तुम्ही नव्हतातच, कराडला होतात, पोरं मी बाहेर काढली!" तेही तिनं पुस्तकात घातलं, आजींच्या नावानं. सासऱ्यांनी कुरकुर केली, पण हिनं काढू दिलं नाही.

तासभराचं बोलणं कागदावर उतरवायला चार-पाच तास जातात म्हणे. पूर्वी श्रीलिपीतली फाइल युनिकोडमध्ये घ्यायची, तिथं जोडाक्षरं फुटायची, ते निस्तरण्यात आणखी रात्री. आता ठरलेला एक डीटीपीवाला आहे, छापखाना ठरलेला, सोळा पानांचा फर्मा, आठ फर्म्यांचं पुस्तक. रोज नवी कंपनी, नवी पद्धत, नवा साहेब ही कटकट गेली. मला विचाराल तर तिचे पैसे तिथंच वाचतात.

सगळं गोडच आहे असं नाही हं. एका घरी तीन भावांनी कच्चा मजकूर तपासला. एकानं जमीन विकल्याचं पान फाडायला सांगितलं, दुसऱ्यानं तेच दोन पानांचं करा म्हणून सांगितलं. तेव्हापासून घरातला एकच माणूस सही करणार, आणि छपाईला जायच्या आधी शेवटचा हप्ता हातात, असा करार असतो. आणि वयाचं काय सांगावं? एक आजी अर्ध्यावर गेल्या. मुलीला तिनं रेकॉर्डिंग तसंच दिलं, उरलेले पैसे घेतले नाहीत. ते मात्र कुणाला सांगत नाही ती, मला त्या मुलीकडून कळलं.

मंडळाची स्मरणिका? ती आता तुम्हीच करा, पदवीला मराठी घेतलं होतं ना! नाहीतर अध्यक्षीणबाईंना म्हणावं, ते चॅटजीपीटी वापरा, तेवढ्याला ते पुरे.

आणि हो, तुमच्या सासूबाईंना वैशाखात एक्क्याऐंशी ना? मग आजच जाऊन या, उन्हाळ्याच्या तारखा भरत आल्यात तिच्या. पण शेजारी आहोत म्हणून सूट मागू नका. आमच्या ह्यांच्या मामांसाठी मी मागून बघितली. मलाही चहाच पाजला.