वाचता येऊ लागलं, पंचाईत झाली

केंद्राच्या 'उल्लास' साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांपुढचा कोणीही शिकू शकतो. वाचन, लेखन, संख्याज्ञान अशी १५० गुणांची चाचणीही असते. मुलुंड-घाटकोपरच्या टॉवरांतल्या काही हौशी शिक्षकांनी मात्र अभ्यासक्रम परस्पर आटोपता घेतलाय: कामवाल्या मावशींना सही आली की पुरे. "या वयात पासबुक वाचून काय दिवे लावणार?" शिकणारी साठीची, तिला हाक 'अगं ए', शिकवणारी विशीची, ती 'मॅडम'. बसायला सतरंजी, चहाला वेगळा कप. पण अक्षरं कोणाला जुमानत नाहीत. जोडाक्षरं जमताच मावशींनी पहिली पाटी खणखणीत वाचली: 'नोकरांनी मुख्य लिफ्ट वापरू नये.' जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. सोसायट्यांनी निदान दिवसाढवळ्या ही पाटी तरी काढावी!