माल्मोवासी ग्रॅनाइटास अनावृत पत्र

श्री. ग्रॅनाइट (पूर्वी राहणार लव्ह पार्क, फिलाडेल्फिया, हल्ली मुक्काम माल्मो, स्वीडन) यांस,

सा. न. वि. वि.

लव्ह पार्कच्या तोडकामातून सुटून आपण परदेशी स्थायिक झालात, अभिनंदन. मायदेशी कुणी विचारत नव्हतं आणि बाहेर गेल्यावर नाव झालं, हा प्रकार आम्हा भारतीयांना नवा नाही. फक्त दगडालाही हाच मार्ग धरावा लागतो, हे माहीत नव्हतं.

इकडची खबर अशी. सिटी हॉलशेजारचं आपलं जुनं घर २०१८ मध्ये नवं होऊन उघडलं. कारंजं जमिनीला सपाट टेकलंय. हिरवळ बेतानंच, फरसबंदी भरघोस. (बागेच्या पोटात मोटारींचा तळ आहे, तेव्हा झाडांनी मुळं धाडायची तरी कुठे, हेही खरं.) म्हणजे दगडाचं वावडं नव्हतंच. वावडं होतं ते दगडावरून स्केटबोर्ड घसरवणाऱ्या पोरांचं.

पोरं काही साधुसंत नव्हती. तुमच्यातल्या काही फरश्या उचकटून त्यांनी उड्यांसाठी उतरणी केल्या, हे तुम्हीच जाणता. पण तुमच्या पायऱ्या आणि कठडे जगभरच्या स्केटबोर्डवाल्यांना तोंडपाठ झाले, ते त्यांच्या व्हिडिओंमुळे. शहरानं २००१ आणि २००२ मध्ये एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेचं यजमानपद मिरवलं, आणि त्याच २००२ मध्ये तुमचे बाक हलवून लाकडी बाक आणि कुंड्या मांडल्या. पाहुण्यांना पंगत वाढायची आणि घरच्या पोरांना उंबऱ्याबाहेर काढायचं, असा हा हिशेब.

एडमंड बेकन आठवतात ना? १९३२ मध्ये कॉर्नेलला विद्यार्थी असताना प्रबंधात या चौकाची कल्पना मांडणारे, पुढे शहराचे नियोजनप्रमुख झालेले. २००२ च्या ऑक्टोबरात, ब्याण्णव वर्षांचे असताना, डोक्यावर हेल्मेट चढवून, दोन्हीकडून धरलेल्या हातांच्या आधारानं ते स्केटबोर्डबंदी मोडत तुमच्यावरून स्केटबोर्डवर गेले. ज्याच्या डोक्यातून बाग निघाली, तोच बागेत नियमभंग करतोय! त्यांना दंड ठोठावायला कुणी पुढे आलं नाही, ही मात्र प्रशासनाची ढिलाईच म्हणायची.

पुढे डीसी शूज या कंपनीनं देखभालीसाठी दहा लाख डॉलर देऊ केले. पोरांना खेळू द्या, एवढीच अट. शहरानं नकार दिला. तत्त्वासाठी पैसा नाकारणारी महापालिका आमच्या पाहण्यात नाही, म्हणून हेही नोंदवून ठेवतो. २०१६ मध्ये तोडकामाआधी महापौर जिम केनी यांनी काही दिवस बंदी उठवली. फाशीआधीच्या जेवणाची चाल इथेही आहे.

तिथे माल्मोत, ऐकतो, एका शाळेत स्केटबोर्ड अभ्यासक्रमातच आहे. तेव्हा आता तुमच्यावर ओरखडे उठले तर तो गृहपाठ समजावा, तक्रार करू नये.

आपला,
एक पादचारी

ता. क. रॉबर्ट इंडियानांचं लव्ह शिल्प दुरुस्त होऊन बागेत परतलं. त्यातला निळा रंग मुळात जांभळा होता, असं रंगकामात उघड झालं. इतकी वर्षं लोक त्यापुढे फोटो काढत होते. कुणाच्या प्रेमाचं काही अडलं नव्हतं.