फोटोतलं कापड कुठलं?

खानदेशातला माणूस सुरतेला जातो तो एक तर पोट भरायला, नाहीतर लग्नाचा बस्ता बांधायला. त्यामुळे दिवाळीची सुट्टी संपवून अमळनेरहून सुरतेला परत निघालो, तेव्हा "फोटोंचं प्रदर्शन बघायचंय" असं मी डब्यात सांगितलं आणि समोरच्या आजोबांनी आधी माझ्याकडे, मग माझ्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीत मामांसाठी कळण्याचं पीठ होतं. बराच विचार करून त्यांनी विचारलं, "तिथं फोटो स्वस्त मिळतात का?"

त्यांना काय सांगणार? आमच्या अभियांत्रिकी कॉलेजात 'कलारसास्वाद' नावाचा एक ऐच्छिक विषय आहे. बाकीच्या ऐच्छिक विषयांच्या जागा भरल्या की उरलेल्यांना तो मिळतो. त्यात प्रदर्शनं पाहायची, नाटक किंवा गाणं प्रत्यक्ष जाऊन अनुभवायचं आणि मनात जे तरंग उठतील ते वहीत लिहून द्यायचे. किमान अर्धं पान तरंग उठलेच पाहिजेत, नाहीतर गुण कापतात.

भुसावळ-सुरत हा रेल्वेमार्ग म्हणजे अर्ध्या खानदेशाची मामाच्या गावची वाट. दोंडाईचा, नंदुरबार मागे पडलं की नवापूर येतं आणि गाडीतल्या नवख्या माणसाला जुना माणूस हटकून खाली उतरवतो. हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. फलाटावर एक बाक आहे, त्याचाही मधोमध वाटा पडलेला. एका टोकाला बसलं तर दारूबंदी, दुसऱ्या टोकाला सरकलं तर नाही. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात. चौथी संपेपर्यंत गाडी सुटायची वेळ होते, म्हणून माणसं कुठलीच ऐकत नाहीत. बाकाच्या बरोबर मध्यावर बसून फोटो काढणाऱ्यांची मात्र रांग असते. तो फोटो मीही काढला. वहीत तो 'सीमारेषा' या नावाने चिकटवला आणि त्यावर पाऊण पान तरंग सहज निघाले.

पुढे व्यारा, बारडोली करत उधना आलं. उधना, लिंबायत, डिंडोली हा भाग नकाशात गुजरात आहे, पण कानाने चाललात तर जळगाव-धुळ्यातून बाहेर पडल्याचं कळत नाही. मामांच्या गल्लीत शिरताच ओट्यावरून आवाज आला, "काय रे भाचा, कथा चालना?" सुरतेत गल्लीतल्या सगळ्यांचाच मी भाचा आहे.

मामा रिंग रोडवरच्या कापड मार्केटात साड्यांच्या घड्या आणि पॅकिंगचं काम करतात. त्यांचे शेठ गोड बोलणारे आहेत. मी पहिल्यांदा दुकानात गेलो तेव्हा त्यांनी हसत हसत गल्ल्याला कुलूप लावलं आणि म्हणाले, "मराठा आले!" हा विनोद सुरतेत प्रत्येक मराठी माणसाला एकदा तरी ऐकावा लागतो. शिवाजी महाराजांनी सुरत लुटली १६६४ साली आणि पुन्हा १६७० साली. त्यानंतर सुरतेने खानदेशाला दर लग्नसराईत लुटून तो हिशेब व्याजासकट कधीच चुकता केला आहे, हे मी शेठना सांगितलं. शेठ खूश झाले आणि त्यांनी मला चहा पाजला. भाव मात्र कमी केला नाही.

प्रदर्शनाला मामा आपणहून आले. रविवार होता, मार्केट बंद होतं आणि फुकट होतं. सिटीलाइट रस्त्यावर महापालिकेचं सायन्स सेंटर आहे, त्यात कलादालन आहे आणि तारांगणही आहे. तारांगणाच्या दाराशी गर्दी आणि कलादालनात थंड हवा, अशी कामाची वाटणी दिसली.

फोटो चांगले होते. पण कुठल्याही शहरातल्या कुठल्याही फोटो-प्रदर्शनात जे असावं लागतं, ते सगळं इथेही होतं. चिलमीच्या धुरातला साधू, सुरकुतलेली म्हातारी, पाण्यावरून उडणारे रोहित पक्षी, होळीच्या रंगात उडी मारणारा पोरगा. तो साधू एकच असावा आणि देशभर करार करून फिरत असावा, असा माझा जुना संशय आहे. स्थानिक म्हणून तापीवरचा सूर्यास्त आणि डुमसच्या काळ्या वाळूवरची पावलं होती. सरांनी शिकवल्याप्रमाणे मी हात मागे बांधून, मान किंचित कलती करून, प्रत्येक फोटोपुढे सारखा वेळ उभा राहत होतो.

मामा तसं काही करत नव्हते. ते फोटोच्या इतक्या जवळ जात की काचेवर वाफ धरायची.

एका मोठ्या फोटोत वाळवंट होतं, मावळतीचा उजेड होता आणि लाल साडीचा पदर वाऱ्यावर सोडून उभी असलेली एक बाई होती. खाली नाव होतं, 'मरुभूमीची लेक'. मी मान कलती केली. मामा म्हणाले, "ही आपली पांडेसऱ्याची."

"कोण? ही बाई?"

"साडी रे. बांधणी नाही ती. खऱ्या बांधणीत कापड गाठ मारून रंगवतात, म्हणून ठिपक्याला ठिपका जुळत नाही आणि गाठीच्या जागी कापड जरा उचललेलं राहतं. इथे बघ, सगळे ठिपके शाळेच्या रांगेत उभे. प्रिंट आहे. वेटलेस जॉर्जेट. म्हणून तर पदर एवढा उडतोय."

मी तोपर्यंत त्या उडत्या पदरावर 'मुक्तीची आस' असं लिहिलं होतं. ते खोडावं की नको, अशा विचारात होतो, तेवढ्यात खूप खिशांचं जॅकेट घातलेले एक गृहस्थ पुढे आले. ते छायाचित्रकार होते. हा फोटो आपण स्वतः जैसलमेरला जाऊन काढलाय, असं त्यांनी जरा दुखावल्या आवाजात सांगितलं. मामा मार्केटच्या हिंदीत शांतपणे म्हणाले, "असेल की. साडी सुरतेहून जैसलमेरला गेली, तुम्हीही सुरतेहून गेलात. दोघं एकाच गाडीने गेला असाल."

या बोलण्याने माणसं जमली. सुरतेत एक माणूस वस्तूकडे बारकाईने बघू लागला की मागे दहा उभे राहतात. त्यांच्यात वराछाकडचे एक हिऱ्याचे कारागीर होते. जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू या शहरात पडतात आणि ते पाडणाऱ्यांना इथे रत्नकलाकार म्हणतात. या काकांनी खिशातून भिंग काढलं, एक डोळा मिटला आणि सुरकुतलेल्या म्हातारीपासून तपासणी सुरू केली. दालनात दवाखान्यासारखी शांतता पसरली. मग निकाल आला, "आंखमां फोकस नथी. कानमां छे."

सगळे पुढे सरसावले. खरंच, म्हातारीच्या कानातली बुगडी लख्ख होती आणि डोळे किंचित धूसर. मी त्या डोळ्यांवर 'काळाच्या धुक्यातून पाहणारी नजर' असं आधीच लिहून मोकळा झालो होतो. छायाचित्रकार मात्र मोठ्या मनाचे निघाले. त्यांनी काकांना पुढच्या भिंतीवरचेही फोटो तपासायला नेलं. इतकं लक्ष देऊन आपले फोटो आजवर कुणी पाहिले नव्हते, असं ते मामांना म्हणाले. ते कौतुकाने म्हणाले की खिन्नपणे, हे कळलं नाही, पण पुढचा अर्धा तास ते मामांना सोडेनात. रसास्वादाच्या पुस्तकात रचना, छाया-प्रकाश, अवकाश अशी प्रकरणं आहेत. कापड आणि खोट यांच्यावर एकही नाही, आणि सुरतेच्या प्रेक्षकाला नेमकं तेच आधी दिसतं.

भिंतीवर 'कृपया फोटो काढू नयेत' अशी पाटी होती आणि तिच्याखाली उभं राहून लोक सेल्फी काढत होते. मला होमाई व्यारावाला आठवल्या. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, जन्म १९१३ साली सुरतेशेजारच्या नवसारीचा. त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. पालमच्या विमानतळावर पंडित नेहरू उभे आहेत आणि त्यांच्या बाजूलाच फोटो काढण्यास सक्त मनाई असल्याची पाटी आहे. सुरुवातीला त्यांची छायाचित्रं नवऱ्याच्या, माणेकशॉंच्या नावाने छापून येत. पुढे गाडीला डीएलडी १३ असा नंबर मिळाला, त्यावरून त्यांनी 'डालडा १३' हे टोपणनाव घेतलं. मामांना हे सगळं सांगितलं. मामा म्हणाले, "नवसारीची म्हणजे आपलीच." मामांचं 'आपलं' लिंबायतपासून सुरू होतं आणि गरजेप्रमाणे वाढतं.

प्रदर्शनानंतर लोचो खाल्ला. कुणा एकाचं खमण बिघडलं, त्याचा हा लोचो झाला, असं सांगतात. ते खरं असो वा नसो, बिघडलेल्या पदार्थावर लोणी आणि शेव घालून त्याला गिऱ्हाइकांची रांग लावायची, ही करामत याच शहराला सुचू शकते. आमच्या प्रयोगशाळेत इतकं काही बिघडतं, पण त्यावर शेव घालायचं कुणाला सुचत नाही.

वहीतल्या 'प्रत्यक्ष सादरीकरणात प्रेक्षकांचा सहभाग' या प्रश्नासाठी मी इतिहासात शिरलो. सुरतेतलं मराठी माणसांचं सर्वांत गाजलेलं सादरीकरण १९०७ सालचं. काँग्रेसचं अधिवेशन आधी नागपूरला भरायचं होतं, ते मवाळांनी सुरतेला हलवलं. टिळकांचा प्रभाव नको, हा हेतू. २७ डिसेंबरला टिळक सूचना मांडायला व्यासपीठावर चढले, त्यांना बोलू देईनात, ते हाताची घडी घालून उभे राहिले आणि हलेनात. तेवढ्यात मंडपातून एक जोडा आला. तांबड्या कातड्याचा, टोकदार, अस्सल दक्खनी. तो सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालाला लागून फिरोजशहा मेहतांवर गेला. त्यानंतर काठ्या आणि खुर्च्या यांचा प्रयोग झाला आणि काँग्रेस दुभंगली. नेव्हिन्सन हा इंग्रज पत्रकार तिथे हजर होता, म्हणून जोड्याचं वर्णन तरी आपल्यापर्यंत पोचलं. भिंगवाले काका असते तर जोडा कुणाच्या मापाचा, हेही कळलं असतं. सरांनी माझ्या या उत्तरावर 'विषयांतर' असा शेरा मारला. प्रेक्षकांचा याहून जास्त सहभाग त्यांना कुठे सापडणार होता कोण जाणे.

गुजराती नाटकाला मी संजीवकुमार यांच्या नावाच्या नाट्यगृहात गेलो. पालला, तापीपलीकडे. हरिहर जरीवाला, म्हणजे संजीवकुमार, १९३८ साली सुरतेतच जन्मले. बाविशीत त्यांनी रंगभूमीवर म्हातारा साकारला, पुढे पडद्यावरही किती म्हातारे उभे केले, आणि स्वतः सत्तेचाळीसाव्या वर्षी गेले. ज्या वयाची त्यांनी एवढी तालीम केली, ते वय त्यांच्या वाट्याला आलंच नाही.

नाटक विनोदी होतं. इथे ते बहुधा असतंच. माझ्या मागच्या रांगेतल्या एक बा, म्हणजे आजी, प्रत्येक पात्राला सल्ला देत होत्या आणि पात्रं तो पाळतही होती. दाराआड लपलेल्या नवऱ्याबद्दल त्यांनी बायकोला मोठ्याने सावध केलं, तेव्हा रंगमंचावरच्या नटीने चक्क त्यांच्याकडे बघून मान डोलावली. आपल्याकडे नाट्यगृहात मोबाइल वाजला तर नट प्रयोग थांबवतात. इथे बांचा फोन वाजला, त्यांनी पलीकडच्याला आतापर्यंतचं कथानक सांगितलं, आणि ते मला नाटकापेक्षा नीट कळलं. मराठी आणि गुजराती रंगभूमीचं येणं-जाणं तसं जुनं आहे. शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून आपल्याकडे 'ती फुलराणी' झालं आणि गुजरातीत मधु रायचं 'संतु रंगीली'. त्यातली संतु गाजवली सरिता जोशींनी, ज्या माहेरच्या भोसले. हे मी मध्यंतरात बांना सांगितलं. त्यांनी मला थेपला दिला.

शेवटचा कार्यक्रम डायरो. वराछा-कतारगामकडे सौराष्ट्रातून आलेली मंडळी पुष्कळ, त्यांचा हा जीव की प्राण. गायक गादीवर बसतो, भजन, लोकगीत, शूरांच्या गोष्टी रंगत जातात आणि रात्र चढली की श्रोते उठून त्याच्यावर नोटा उधळायला लागतात. एक-दोन नव्हेत, पुडकी. हार्मोनियम दिसेनाशी होते. तबलजी नोटांमधून वाट काढत समेवर येतो. मग पोरं पिशव्यांत त्या भरतात आणि पैसा बहुतेक वेळा गोशाळेला किंवा अशाच कामाला जातो. मामा सुन्न होऊन बघत होते. शेवटी म्हणाले, "आपण दोनदा उगाच घोडे दमवले."

आमच्या शेजारी पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले एक काका होते. त्यांना आमचा हात रिकामा बघवेना. त्यांनी दहाच्या नोटांचं एक करकरीत पुडकं माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाले, "उडाडो ने, भाई!" मी उभा राहिलो. पण हाताला सवय नव्हती. मी एक नोट काढली, सरळ केली आणि गायकाच्या दिशेने सोडली. ती पुढच्या रांगेतल्या टोपीवर बसली. दुसरी काढली, तीही सरळ केली. आजूबाजूला पुडकीच्या पुडकी फुटत होती आणि मी पोस्टात तिकिटं फाडल्यासारखा एकेक सोडत होतो. पुडकं निम्मंही झालं नाही, तोच गाणं संपलं.

मी उरलेलं पुडकं काकांपुढे धरलं. त्यांनी न बघताच हात हलवला, राहू दे म्हणाले आणि पुढच्या रांगेत ओळखीचं कुणी दिसलं म्हणून तिकडे निघून गेले. मामांनी ते माझ्या हातातून घेतलं, अंगठ्याला थुंकी लावली आणि मार्केटच्या सराईत वेगाने मोजलं.

"बासष्ट आहेत," ते म्हणाले. "पुढचं गाणं लांब आहे का विचार, म्हणजे तसं टाकता येईल."