वसूलराव जंगलात

वसूलराव डोंबिवलीचे असतात, कोथरूडचे असतात, नाशिकचेही असतात. सुट्टी लागली की ते कुठल्या ना कुठल्या अभयारण्याच्या फाटकाशी सापडतात. कमरेला पाऊच, गळ्यात दुर्बीण आणि डोक्यावर मागच्या ट्रिपची ‘कान्हा’ लिहिलेली टोपी. निसर्गावर त्यांचं मनापासून प्रेम आहे, फक्त त्याची पावती मिळाली पाहिजे. जीपचं भाडं भागिले दिसलेले प्राणी, एवढा सरळ हिशेब. ताडोब्याचा वाघ त्यांना स्वस्तात पडला होता, हे ते अजून सांगतात.

अशा माणसाने केरळच्या सायलेंट व्हॅलीला खरं तर जाऊ नये. पण टूरच्या कार्यक्रमात गुरुवायूर आणि उटीच्या मध्ये तिला कोंबलेलं असतं, म्हणून जातात.

पालक्काड जिल्ह्यातल्या मुक्काली नाक्यावर आपली गाडी सोडायची आणि जीपमध्ये बसायचं. सोबत वनखात्याचा गाईड. तिथून सैरंध्रीपर्यंत २३ किलोमीटर हाडं खिळखिळी करणारा रस्ता. पुढची सीट वसूलरावांनी केव्हाच धरलेली असते. “वो शेरवाला बंदर दिखेगा ना?” गाईड नम्रपणे म्हणतो, “चान्स है सार.” वसूलरावांना त्यातलं फक्त ‘है’ ऐकू येतं.

हे सिंहपुच्छ माकड म्हणजे मोठं खानदानी प्रकरण. काळंकुळकुळीत अंग, चेहऱ्याभोवती राखाडी आयाळ, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूतला पश्चिम घाट सोडला तर जगात कुठल्याही जंगलात ते नाही. सदाहरित झाडांच्या शेंड्यांवर त्याचा सगळा संसार चालतो. फळं तिथेच, किडे तिथेच, झोपही तिथेच. खाली उतरायचं त्याला फारसं कारणच पडत नाही. वसूलरावांना माहीत आहे ते महाबळेश्वरचं माकड. ते स्वतःहून येतं, हातातलं कणीस हिसकावतं आणि फोटोलाही उभं राहतं. म्हणून त्यांनी खिशात केळ्याचे वेफर्स तयार ठेवलेत.

“अहो, इथे खायला घालायचं नाही, नाक्यावर सांगितलंय ना त्यांनी!” वहिनी मागून ओरडतात.

“घालतोय कुठे? नुसतं दाखवणार.”

तेवढ्यात एका फांदीवरून काळं काहीतरी झेपावतं. वसूलराव जवळजवळ जीपबाहेर. गाईड सांगतो, हा नीलगिरी वानर, तपकिरी डोक्याचा, वेगळा. “काळा आहे ना? मग धरा त्यातच!” पुढे शेकरू दिसतं. एवढं देखणं जनावर, लांब झुबकेदार शेपूट, सगळी जीप श्वास रोखून बघतेय. पण वसूलराव हात झटकतात. “ये नहीं चाहिये. आमच्याकडे आहे भीमाशंकरला. राज्यप्राणी आहे आमचा.” पंगतीत दुसऱ्यांदा आलेली भाजी नाकारावी तसं.

सैरंध्रीला उंच निरीक्षण मनोरा आहे. वर चढलं की नजर पोचेल तिथवर सलग जंगल, मध्ये कुठेतरी कुंतीपुळा नदी. या नदीवर वीज करायला ही जागा १९२८ सालीच हेरली होती. पुढे १२० मेगावॉटचा प्रकल्प ठरला. धरण झालं असतं तर यातलं बरंचसं रान पाण्याखाली गेलं असतं. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने रान उठवलं, कवयित्री सुगतकुमारी पुढे झाल्या, सलीम अलींनी शब्द टाकला, आणि हे शेपटीवालं माकड साऱ्या आंदोलनाचा चेहरा झालं. १९८३मध्ये प्रकल्प बारगळला, १९८४मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, १९८५मध्ये राजीव गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. एका माकडाने धरण अडवलं म्हणायचं, फार तर थोडी अतिशयोक्ती होईल.

वसूलराव हे सगळं लक्ष देऊन ऐकतात. मग विचारतात, “फक्त एकशे वीस? आमचं कोयना १९६० मेगावॉटचं आहे.” गाईड आदराने मान हलवतो. दुसरं तो काय करणार?

उतरताना त्यांच्या मोज्यावर जळू दिसते. मग दुसरी, मग पोटरीवर तिसरी. गाईड खिशातून मिठाची पुडी काढून शांतपणे कामाला लागतो. दिवसभरात पुरेपूर वसुली झाली ती या जळवांचीच. आणि अगदी त्याच वेळी पलीकडच्या झाडाच्या शेंड्यावर आयाळ हलते. फोटो निघतो. फॅमिली ग्रुपवर जातो. हिरव्या पसाऱ्यात एक काळा ठिपका, त्याभोवती लाल गोल आणि खाली ओळ: ‘हाच तो. झूम करून बघा.’

झूम केलं तरी ठिपकाच दिसतो, पण अंगठे सगळे देतात.

तुम्हाला जायचं असेल तर मुक्कालीला सकाळी लवकर पोचा. आत सोडायच्या जीप मोजक्याच असतात. जळवांसाठी मीठ जवळ ठेवा, वेफर्स हॉटेलवर ठेवा, आणि पुढच्या सीटचा आग्रह धरू नका.