बर्लिनचे कंट्रोलर

मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलाचा बाप कोकणात पूर्वी मनीऑर्डरीवरून ओळखू यायचा. परदेशी मुलाचा बाप आता चार्जरवरून ओळखू येतो. सलून असो, पावसची बँक असो की लग्नाचा मांडव, हा गृहस्थ आधी भिंतीवरचा प्लग शोधतो आणि मग यजमान. फोन कधीही येईल. फोन आला की तो कानाला न लावता हातभर लांब धरतो आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा ओरडतो, "दिसतोय काऽऽ?"

नातवंड झालं की या जमातीत एक पोटजात निघते. तिचं काम एकच, सात समुद्रांपलीकडच्या नातवाची शाळा इथं ओटीवर बसून ठरवणं. पूर्णगडात या पोटजातीचे निर्विवाद पुढारी म्हणजे आमचे तात्या.

तात्या रत्नागिरी आगारातून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. गाव त्यांना अजून कंट्रोलरच म्हणतं आणि त्यांनाही ते आवडतं. स्टँडवरच्या त्या जाळीच्या खिडकीमागे बसून त्यांनी आयुष्यभर लोकांच्या गाड्या सोडल्या. निवृत्तीनंतर सोडायला काही उरलं नव्हतं, तेवढ्यात मुलगा बर्लिनला गेला आणि तिथं नातू झाला. तात्यांना पुन्हा फलाट मिळाला.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती वेळापत्रकाची. बर्लिन आपल्यामागे उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास, कारण ते लोक मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं सरकवतात. तात्यांनी ओटीवर दोन पुठ्ठे टांगले, 'उन्हाळी' आणि 'हिवाळी'. घरात रेंज धड येत नाही, म्हणून ते फोन घेऊन गडावर चढतात. आमचा पूर्णगड छोटासाच. दाराबाहेर मारुती, दारावर गणपती कोरलेला, तटावर उभं राहिलं की खाली मुचकुंदी समुद्राला मिळताना दिसते आणि पलीकडे गावखडीची सुरूची रांग. गड पाहायला आलेले लोक तटावरून समुद्राचे फोटो काढत असतात, आणि त्यांच्या प्रत्येक फोटोच्या कडेला एक म्हातारा कोणाला तरी विचारत असतो, "अरे, त्या तिसऱ्या शाळेचं काय झालं?"

शाळा म्हणजे तिथली 'किटा'. मूल एक वर्षाचं झालं की त्याला बालवाडीत जागा मिळालीच पाहिजे असा जर्मनीत 1 ऑगस्ट 2013 पासून कायदा आहे. तात्यांना हे ऐकून फार बरं वाटलं. मग मुलाने सांगितलं, हक्क आहे पण जागा नाही, लोक बाळ पोटात असतानाच नाव नोंदवून ठेवतात. तात्या गंभीर झाले. "अभिमन्यूने पोटात निदान चक्रव्यूह तरी ऐकला," ते म्हणाले, "आणि आमचा नुसता वेटिंग लिस्टवर!" पण व्यवस्था त्यांना लगेच कळली. आरक्षण आहे आणि गाडी नाही, हा त्यांचा हयातभराचा विषय.

शहराकडून आधी एक चिठ्ठी मिळते, मुलाला दिवसाचे किती तास ठेवायचं ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि ती घेऊन आईबापांनी दारोदार जागा शोधायची. तात्यांनी त्याचं नाव 'पास' ठेवलं. मग विचारलं, पासाला पैसे किती? मुलगा म्हणाला, काही नाही. बर्लिनमध्ये 2018 पासून किटाची फी माफ आहे, जेवणाचे तेवढे महिन्याला 23 युरो.

इथं तात्या बसले होते ते उठून उभे राहिले.

"फुकट? म्हणजे अंगणवाडीच की ती! माझा नातू अंगणवाडीत जायचा नाही."

हे वाक्य त्यांनी घरात उच्चारलं ही त्यांची चूक झाली. कारण काकू, म्हणजे तात्यांची बायको, तीसएक वर्षं गावातली अंगणवाडी चालवून निवृत्त झाल्या आहेत. काकू भाकरी थापत होत्या. थापणं न थांबवता त्या म्हणाल्या, "तुमचा मुलगा कुठल्या शाळेत होता हो? माझ्याच ना? मग बर्लिनला कोण गेलं, भंडाऱ्यांचा बोका?"

तात्यांनी तो विषय तिथंच स्थगित ठेवला. काकूंना पुढे काही विचारलं मात्र नाही. लहान मुलांच्या शाळेचा ज्या एकाच माणसाला अनुभव आहे त्याला वगळून समिती नेमायची, हे सरकारात चालतं तसं घरातही चालतं.

समितीत तात्या आणि चाचा. चाचा मोहल्ल्यातले, दोघं एका बाकावर शिकलेले. चाचांचे दोन मुलगे दुबईला, त्यामुळे परदेशी शाळा हा विषय त्यांच्याकडे तात्यांच्या आधी दहा वर्षं आलेला. तात्यांनी फुलस्केप वही काढली आणि उभ्या रेघा मारल्या. रकाने त्यांच्या हाताला सवयीचे तेच: मार्ग, अंतर, पहिली गाडी, शेवटची गाडी, भारमान, शेरा. मुलाच्या घराजवळ चार जागा होत्या. पहिली जर्मन-इंग्रजी, ट्रामने वीस मिनिटं, वर महिन्याला थोडे जादा पैसे. दुसरी जर्मन-स्पॅनिश. तिसरी जर्मन-तुर्की, बर्लिनमध्ये तुर्की माणसं दोन-तीन पिढ्या राहिलेली, त्यामुळे अशा शाळा बऱ्याच. चौथ्या शाळेला इमारतच नव्हती. मुलं दिवसभर रानात, पाऊस असो, बर्फ असो. तात्यांनी 'अंतर' या रकान्यात 'रान' असं लिहिलं आणि शेऱ्यात लिहिलं: 'पावसात पोरं भिजणे, हे आपल्याकडे शाळेचं छप्पर गळून होते. त्यासाठी जर्मनीला जाण्याचे कारण दिसत नाही.'

आता खरा पेच भाषेचा. मुलगा मराठी, सून धारवाडची, म्हणजे कानडी. ती दोघं एकमेकांशी इंग्रजी बोलतात. बाहेर सगळं जर्मन. नातू वर्षाचा व्हायच्या आत घरात चार भाषांची वाहतूक सुरू झाली होती. चाचांनी बोटांवर मोजून पाहिलं आणि म्हणाले, "तात्या, चार भाषा आधीच आहेत आणि तुम्हाला द्विभाषिक शाळा पाहिजे. म्हणजे दोन कमी करायची सोय होय?"

तात्यांना हा विनोद आवडला नाही. भाषेच्या बाबतीत तेव्हा ते भलतेच तापलेले होते. 2025 च्या उन्हाळ्याची गोष्ट. पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आणण्याचा सरकारी निर्णय 16 एप्रिलला निघाला, 17 जूनला त्याची सुधारित आवृत्ती निघाली, आणि 29 जूनला दोन्ही मागे घेतले गेले. त्या अडीच महिन्यांत तात्यांनी गावच्या थांब्यावर जी भाषणं केली ती ऐकायला पावसहून माणसं येतात की काय असं वाटायला लागलं होतं. "सहा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर तिसरी भाषा! त्याच्या मेंदूला सोसेल का?" टाळ्या घेऊन ते गडावर चढायचे आणि दीड वर्षाच्या नातवाच्या बापाला सांगायचे, "स्पॅनिशची पण चौकशी करून ठेव. पुढे उपयोगी पडते."

त्यांचा कल मात्र पहिल्यापासून जर्मन-इंग्रजीकडे. इंग्रजी जगाची भाषा, इंग्रजीशिवाय पान हलत नाही वगैरे कारणं त्यांनी वहीत क्रमांक घालून लिहिली होती. मला त्यातलं एकही पटलं नाही. नातवाला इंग्रजी जर्मनीत काय, धारवाडच्या आजोळीही मिळालीच असती. तात्यांचं कारण वेगळं होतं. त्या चार शाळांमधल्या ज्या भाषा होत्या त्यांतली एवढी एकच त्यांना थोडीफार येते. चौकशीच्या खिडकीवरची इंग्रजी का असेना, पण येते. नातू मोठा झाल्यावर मराठी बोलला नाही तर आपल्याजवळ निदान 'प्लॅटफॉर्म नंबर' तरी असावा, एवढाच हिशेब. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

चाचांना तुर्की पसंत होती. त्यामागे धर्मबिर्म काही नव्हतं, ती शाळा सगळ्यांत जवळ होती. "अहो, माझ्या नातवाला दुबईत शाळेत अरबी सक्तीची," ते म्हणाले. "शेजारी केरळचे. पोरगा पहिलं वाक्य बोलला ते मल्याळममध्ये. आम्ही सगळे घाबरलो. आता सुट्टीत येतो तेव्हा माझ्या बायकोशी आपल्या कोकणीत भांडतो. भांडता येतं म्हणजे भाषा आली."

ही सगळी चर्चा ओटीवर चालायची आणि काकू आत-बाहेर करताना ऐकायच्या. एकदा त्या दारात थांबल्या. त्यांच्या अंगणवाडीत खारव्यांची पोरं यायची ती एक बोली बोलत, मोहल्ल्यातली दुसरी, वरच्या वाडीतली तिसरी, आणि फळ्यावर चौथीच, पुस्तकातली मराठी. एखादं पोर पहिले दोन महिने तोंडच उघडत नसे आणि मग एके दिवशी तिन्ही बोलींत चहाडी सांगे. काकू अशा पोरांना घाई करत नसत. एका वाक्यात दोन भाषा आल्या तर हसत नसत. प्रशिक्षणात त्यांनी ताराबाई मोडकांबद्दल ऐकलं होतं, 1945 मध्ये बोर्डीला जाऊन ताराबाईंनी अनुताई वाघांना घेऊन गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, आणि मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची ही कल्पना तिथली. फ्रोबेलने जर्मनीतच 1840 मध्ये 'किंडरगार्टन' हे नाव दिलं, हेही काकूंना ठाऊक होतं. तात्यांना नव्हतं. सांगायचं कारण काकूंना वाटलं नाही.

दारात थांबून त्यांनी एवढंच विचारलं, "तिथं मूल रडलं तर उचलतं कोण? आणि ती उचलणारी बाई वर्षभर टिकते का दर महिन्याला नवी?"

तात्यांनी वही पाहिली. असा रकाना नव्हता.

दरम्यान बर्लिनमध्ये निकाल लागला. चारांपैकी एकाही शाळेचं उत्तर आलं नाही. पाचव्याच एका शाळेचं आलं, घराच्या मागच्या गल्लीतली, साधी जर्मन किटा, द्विभाषिक नाही, रान नाही, काही नाही. मुलाने घाईघाईने हो म्हटलं आणि मग घाबरत घाबरत तात्यांना फोन केला. तात्या काही बोलायच्या आत काकूंनी फोन घेतला. "ताई किती वर्षं आहेत तिथं?" सून म्हणाली, मोठ्या ताई बारा वर्षं, मूळच्या पोलंडच्या. दुसरी तुर्की घरातली. आणि वर्गात आमच्यासारखीच बाहेरून आलेली निम्मी पोरं. काकू म्हणाल्या, "मग बस झालं," आणि फोन परत दिला.

तात्यांनी वहीत पाचवी ओळ घातली, पुढे 'मंजूर' लिहून खाली सही केली. गावात आता ते सांगतात की त्यांनीच निवडली.

पुढचा धक्का वेगळाच होता. तिकडे मूल एकदम सोडून येत नाहीत. सुरुवातीचे काही दिवस आईने किंवा बापाने वर्गात कोपऱ्यात बसून राहायचं, मुलाने अधूनमधून वळून पाहायचं, मग दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास. असे दोन-तीन आठवडे. तात्यांचा मुलगा, चाळिशीला आलेला इंजिनिअर, नऊ इंच उंचीच्या खुर्चीवर बसून राहिला. तात्यांना हे सहन झालं नाही. त्यांच्या वेळी शाळा चुकवणाऱ्या पोराला चौथीतली चार दांडगी पोरं पाठवून हातपाय धरून उचलून आणत. तात्या स्वतः तसेच आणले गेले होते, बाजूला चाचा साक्षीला होते, किंबहुना एक पाय चाचांनीच धरला होता. "बापाला बसवून ठेवतात?" ते म्हणाले. "मग हजेरी कोणाची लावतात?"

नातू आता रमलाय. फोनवर तात्या विचारतात, "शाळेत काय शिकलास?" की तो सोफ्यामागे जातो. काकू काही विचारत नाहीत, कढईत डाव आपटतात, की तो बाहेर येतो.

तात्यांचं काम संपलेलं नाही. बर्लिनमध्ये पहिलीपासून दोन भाषांत शिकवणाऱ्या सरकारी शाळा 1992 पासून आहेत असं त्यांना कळलं आहे. जर्मनच्या जोडीला नऊ भाषा: इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश, इटालियन, तुर्की, ग्रीक, पोर्तुगीज, पोलिश. त्यांनी ती यादी दोनदा वाचली. नातू पहिलीत जायला चार वर्षं आहेत, पण नवीन मार्ग मंजूर व्हायला वेळ लागतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? परवा त्यांनी मला मसुदा दाखवला. इंग्रजी भाषांतर मी करायचं आहे.

'प्रति, मा. शिक्षण खाते, बर्लिन शहर. विषय: मराठी तुकडी सुरू करणेबाबत. महोदय, ज्या अर्थी आपल्याकडे नऊ भाषांच्या फेऱ्या नियमित चालू आहेत, आणि ज्या अर्थी मराठी भाषेस दि. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र शासनाने अभिजात दर्जा दिलेला आहे, त्या अर्थी दहावी फेरी सोडण्यास हरकत नसावी. सध्या भारमान एक असले तरी मार्ग नवा असल्याने ते वाढेल. मराठी न जमल्यास कानडीचा विचार व्हावा, सूनबाईंची हरकत नाही. कळावे. प्रत माहितीसाठी: विभाग नियंत्रक, रा. प., रत्नागिरी.'