घरासकट समुद्राला

हैदराबादच्या अफझलगंजात राहणाऱ्याने सुट्टी चाकांवरच्या घरात काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याच्या दारावरून दिवसभर हातगाड्या आणि पोत्यांनी लादलेले टेम्पो जातात, त्याला वर्षातून चार दिवस तरी न हलणारी जागा मिळायला हवी. पण पुतण्या पडला पुण्याचा. आपण काहीतरी वेगळं करतोय हे चारचौघांत सांगता येणार असेल, तर त्याला कुठलाही त्रास गोड लागतो. २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून ही गाडी त्याच्या डोक्यात उभी होती.

बरं, समुद्रच बघायचा तर पुणेकराला कोकण हाकेच्या अंतरावर. हा निघाला मछलीपट्टणला! कारण काय, तर राष्ट्रीय महामार्ग ६५ पुण्याला सुरू होतो आणि सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा करत मछलीपट्टणला संपतो. "काका, एकच रस्ता. वळायचंच नाही!" साडेआठशे किलोमीटरच्या त्या रस्त्यावर आम्ही वाटेत होतो, म्हणून आम्हालाही उचलायचं ठरलं.

गाडी आमच्या गल्लीत येणं शक्यच नव्हतं. वरच्या वायरींनी तो प्रश्न आधीच निकालात काढलेला. ती थांबली मुसीच्या काठाला, सेंट्रल लायब्ररीजवळ, आणि बघता बघता गंजातले हमाल गोळा झाले. चार जणांची झोपायची सोय, शेगडी, फ्रिज, एसी, नळ, संडास. एका म्हाताऱ्या हमालाने पाठीवरचं पोतं खाली ठेवून सगळं नीट न्याहाळलं आणि मला विचारलं, "घरइच लेको जारैं तो फिर जाना कायकू, साब?" पुतण्याकडे याचं उत्तर होतं, पण ते इंग्रजीत होतं.

हैदराबादला मुक्कामाला येणाऱ्या गाड्या नव्या नाहीत. मछलीपट्टण हे एकेकाळी गोवळकोंड्याचं बंदर. सतराव्या शतकात हिऱ्यांच्या मागे ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या हैदराबादला आला. मुसीवरच्या पुलापलीकडच्या व्यापाऱ्यांच्या वस्तीत दोन-तीन सुंदर मशिदी परदेशी लोकांना सराई म्हणून वापरायला मिळत, असं त्याने लिहून ठेवलंय. तिकडचा मोहल्ला आजही कारवान म्हणूनच ओळखला जातो. म्हणजे आठवडेच्या आठवडे धूळ खात आलेला व्यापारी गावात पोचला की बैल सोडायचा आणि स्वतः भिंतीच्या आडोशाला, विहिरीच्या पाण्याशी जायचा. पोचल्यावरही गाडीतच पडून राहण्याची हौस त्या काळात कुणाला नसावी.

कायम वाटेवर राहायचे ते बंजारे. बायकापोरं, तंबू, सगळा संसार बरोबर. धान्य, तांदूळ, डाळी आणि मीठ वाहणारे त्यांचे दहा-बारा हजार बैलांचे तांडे ताव्हेर्निएने पाहिले होते. असा तांडा समोरून आला की रस्ता मोकळा व्हायला कधी कधी दोन-तीन दिवस लागत. टोलनाक्याच्या रांगेत मी हे पुतण्याला सांगितलं, तेव्हा तो जरा निवळला. त्या बंजाऱ्यांचं नाव आज हैदराबादेतल्या भारीतल्या भारी बंगल्यांच्या टेकडीला आहे. बंजारा हिल्सवर कुणी खरोखर पाल ठोकायला गेलं, तर वॉचमन दुरूनच शिटी मारेल.

हयातनगरला गोवळकोंड्याच्या हयात बख्शी बेगमच्या नावाची मशीद आहे आणि तिच्या अंगणाभोवती वाटसरूंसाठी कमानीदार खोल्यांच्या रांगा आहेत. बायकोला तिथे उतरायचं होतं. पुढे सूर्यापेटला चहा घ्यायचा होता. दोन्ही वेळा पुतण्या म्हणाला, "कशाला? आत आहे की सगळं." या गाडीची खरी अडचण हीच. आत सगळं असतं, त्यामुळे बाहेरचं काही लागत नाही. आम्ही अख्खा तेलंगणा काचेतून पाहिला आणि चहा आपल्याच कपातून प्यायलो. साखरही नेहमीसारखीच कमी.

मछलीपट्टणजवळ मंगिनपुडीच्या किनाऱ्याला वाळूऐवजी काळी माती आहे. पुतण्याची कल्पना अशी, की गाडी थेट लाटांच्या तोंडाशी न्यायची, दार उघडायचं आणि अंथरुणातून सूर्योदय बघायचा. ड्रायव्हर सोलापूरकडचा. त्याने खाली उतरून चपलेच्या टोकाने जमीन उकरली आणि म्हणाला, "काळी माती आमाला नगा शिकवू, सायेब." विषय संपला. सूर्योदय चालत जाऊन बघावा लागला, आणि तो छान होता.

समुद्रकाठची हवा घामट. खिडकी उघडली की डास, लावली की घुसमट. एसी चालवायचा तर जनरेटर, आणि जनरेटर चालू असताना लाटा ऐकू येत नाहीत. टाकीतलं पाणी दोन अंघोळींत आटलं. गाडीच्या पोटात साठलेलं कुठे रिकामं करायचं, या प्रश्नावर तर बराच वेळ कुणी कुणाकडे बघेना. शेवटी ड्रायव्हरनेच गावातल्या एका लॉजच्या मॅनेजरशी खुणांच्या तेलुगूत बोलणी केली. गाडी लॉजच्या मागच्या अंगणात लागली. वायर त्यांची, पाणी त्यांचं, संडास त्यांचा. मॅनेजरने या सगळ्याचे मिळून जे पैसे सांगितले, त्यात शंभरेक रुपये घातले असते तर खोलीच मिळत होती.

हा हिशेब बायकोने मनातल्या मनात केला असावा. ती उठली, उशी घेतली आणि लॉजचा जिना चढून गेली. मागोमाग पुतण्याची बायको, आमची सूनबाई. मग तिथला 'बंदर लाडू' आणायला म्हणून मी बाहेर पडलो आणि परतताना चुकून जिन्याकडेच वळलो. अंगणात पुतण्या तेवढा निष्ठेने गाडीत राहिला, तोही डासांनी घेरेपर्यंत.

सकाळी खाली आलो तर एसी बंद, सगळी दारं सताड उघडी, आणि मधल्या मोठ्या गादीवर ड्रायव्हर आडवा. तोंडावर गमछा. चहा दिला तसा उठून बसला आणि म्हणाला, "लई झ्याक गाडी हाय, काका. उगं लोकं बसत्यात म्हणून अडचण हुती."